सहा क्षेपणास्त्रे, सहा ठिकाणे : ‘आकाश’च्या विलंबाचा हिशेब नेमका कोणाकडे असतो?

हिशेबनीस (धागाकर्ता)

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर ‘आकाश’ या जमिनीवरून हवेतील लक्ष्य पाडणाऱ्या देशी क्षेपणास्त्राचे नाव घरोघरी पोहोचले आणि त्याचा मलाही आनंदच झाला. परंतु वाहिन्यांवरचे कौतुक ऐकताना मला महालेखापरीक्षकांचा जुलै २०१७ मधील एक अहवाल राहून राहून आठवत होता. हवाई दल आणि नौदल यांच्या खर्चाविषयीच्या त्या अहवालात क्षेपणास्त्राचे नाव घातलेले नव्हते, केवळ ‘सामरिक क्षेपणास्त्र प्रणाली’ असे म्हटले होते; पण ते वर्णन ‘आकाश’चेच आहे हे वृत्तपत्रांनी दुसऱ्याच दिवशी छापले.

त्यातील गोष्ट थोडक्यात अशी. डिसेंबर २०१० मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीशी साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला आणि पूर्वेकडील सहा ठिकाणी २०१३ ते २०१५ या काळात ही प्रणाली बसवायची असे ठरले. नोव्हेंबर २०१४ पर्यंत ८० क्षेपणास्त्रे हाती आली. त्यांपैकी २० क्षेपणास्त्रे एप्रिल ते नोव्हेंबर २०१४ या काळात डागून पाहण्यात आली आणि ६ अयशस्वी ठरली. काही लक्ष्यापर्यंत पोहोचली नाहीत, काहींचा वेग हवा तेवढा नव्हता, सर्व्हो कंट्रोल युनिट (दिशा वळवणारी यंत्रणा) आणि प्रॉक्झिमिटी फ्यूज (लक्ष्याजवळ पोहोचताच स्फोट घडवणारा भाग) या महत्त्वाच्या भागांत बिघाड आढळला, आणि दोन तर सुरुवातीचा रेटा देणाऱ्या बूस्टरच्या नॉझलने दगा दिल्यामुळे जागची हललीच नाहीत. करार होऊन पाच वर्षे उलटली तरी सहापैकी एकाही ठिकाणी प्रणाली उभी राहिलेली नव्हती, आणि कराराची बहुतांश रक्कम मात्र चुकती झालेली होती.

आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहावे. चाचण्या २०१४ मध्ये झाल्या. १० जुलै २०१५ रोजी ग्वाल्हेरला तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत ‘आकाश’ हवाई दलात समारंभपूर्वक दाखल झाले. संसदेच्या पटलावर अहवाल आला तो जुलै २०१७ मध्ये. ग्वाल्हेरची तुकडी याच करारातील होती असे माझे म्हणणे नाही, कारण त्याआधी २००८ मध्येही दोन स्क्वॉड्रनची मागणी नोंदवलेली होती. माझा प्रश्न निराळा आहे. प्रयोगशाळा, कारखाना, गुणवत्ता तपासणी, साठवणीच्या इमारती बांधणारे आणि शेवटी शस्त्र हाताळणारे दल अशा पाच जणांच्या हातून जी वस्तू जाते, तिच्या विलंबाचा एकत्रित हिशेब मधल्या काळात कोण ठेवतो? जो तो आपापल्या चौकटीपुरता निर्दोष असतो, आणि उशीर नेमका दोन चौकटींच्या मधल्या फटीत साचतो असे मला वाटते. जाणकारांनी आपले मत मांडावे.

पाषाण_रोड

धागा आवडला, पण ‘विलंब’ हा एकच शब्द तीन वेगळ्या आजारांसाठी वापरला जात आहे, तेवढे आधी निस्तरू या.

पहिला विलंब विकासाचा. एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला. त्यातील ‘पृथ्वी’चे पहिले उड्डाण १९८८ मध्ये आणि ‘अग्नी’चे २२ मे १९८९ रोजी झाले, म्हणजे ही दोन भावंडे तुलनेने लवकर चालायला लागली. ‘त्रिशूल’ हे कमी पल्ल्याचे विमानभेदी क्षेपणास्त्र मात्र पंचवीस वर्षांच्या खटाटोपानंतर २००८ मध्ये गुंडाळावे लागले, आणि तोवर नौदलाने इस्रायलचे ‘बराक’ घेऊन आपली निकड भागवली होती. हा विलंब ज्ञानाचा असतो. रॅमजेट इंजिन, रडार आणि मार्गदर्शन यंत्रणा देशात पहिल्यांदा उभी करताना तारीख चुकणे मी समजू शकतो, कारण जे कोणी कधी केलेलेच नाही त्याला किती महिने लागतील हे सांगणारा ज्योतिषीच हवा.

दुसरा विलंब उत्पादनाचा, आणि तिसरा तैनातीचा. धाग्यातील प्रकरण या दोहोंचे आहे. नमुना म्हणून बनवलेले क्षेपणास्त्र ओडिशातील चांदीपूरच्या समुद्रकिनाऱ्यावर शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली नीट उडते, ही एक गोष्ट. हैदराबादच्या कारखान्यात महिन्याला ठरावीक संख्येने बनलेले क्षेपणास्त्र खोक्यातून निघून दोन-तीन वर्षांनी साध्या जवानाच्या हातून तसेच उडणे, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. आपल्याकडे पहिल्या यशाचे पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याकडे लक्ष देण्यासाठी कोणी उरत नाही. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तिचे काम संपलेले असते आणि कारखान्याच्या दृष्टीने आराखडा ‘त्यांचा’ असतो.

ही क्षेपणास्त्रे विकसित करणाऱ्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या (डीआरडीओ) अंतर्गत प्रकल्पांचे चित्रही फारसे वेगळे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने ‘मिशन मोड’ प्रकारचे, म्हणजे दलांच्या ठरावीक गरजेसाठी मुदत घालून हाती घेतलेले, १७८ प्रकल्प पाहिले. त्यांपैकी ११९ प्रकल्पांत मूळ मुदत पाळली गेलेली नव्हती आणि ४९ प्रकल्पांना मूळ मुदतीच्या दुपटीहून अधिक काळ लागला होता. मला त्याहून बोचलेली नोंद अशी की यशस्वी म्हणून जाहीर केलेल्या ८६ प्रकल्पांपैकी २० प्रकल्पांत एखादे तरी मुख्य उद्दिष्ट साधलेलेच नव्हते. उशीर निदान दिसतो. उद्दिष्ट गाठल्याचा शिक्का बसल्यावर मात्र पुढे कोणी पाहत नाही.

संख्यावेडी

‘३० टक्के अपयश’ हा आकडा त्या वेळी मथळ्यांत झळकला होता, म्हणून थोडे गणित. वीस नमुन्यांत सहा अपयशे आढळली तर संपूर्ण साठ्यातील खरे प्रमाण साधारण १२ ते ५४ टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, एवढेच नव्वद-पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे ‘दर दहांतील तीन निकामी’ असे छातीठोकपणे सांगणारे जितके चूक होते, तितकेच ‘चौदा तर उडाली ना’ असे म्हणून विषय झटकणारेही चूक होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लढाईत एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रे सोडली तर दोन्ही फसण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ टक्के येते आणि कागदावर ती बरीच दिलासादायक वाटते. परंतु हा गुणाकार तेव्हाच खरा असतो जेव्हा दोन अपयशांचा एकमेकांशी संबंध नसतो. दोन्ही क्षेपणास्त्रे एकाच लॉटमधील, म्हणजे एकत्र बनलेल्या गटातील, असतील आणि दोष त्या लॉटच्या नॉझलमध्ये असेल, तर एक फसल्यावर दुसरे फसण्याची शक्यता ३० टक्क्यांहून कितीतरी वर जाते. म्हणून देखरेख करणाऱ्याने ‘किती फसली’ या प्रश्नापाशी न थांबता ‘कोणकोणत्या लॉटमधील फसली आणि त्या लॉटमधील उरलेली आज कोठे ठेवली आहेत’ हे विचारले पाहिजे. लेखापरीक्षकाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळते. दुसऱ्यासाठी कोठाराची नोंदवही उघडावी लागते.

भोसरी_क्यूसी

मी आठ वर्षे भोसरीतील एका छोट्या युनिटमध्ये गुणवत्ता विभागात होतो. आमच्याकडे संरक्षण क्षेत्राच्या मोठ्या पुरवठादाराकडून सुटे भाग मशीनिंगला येत. ते कशात बसणार हे आम्हाला कधी सांगितले जात नसे. ड्रॉइंगवर फक्त क्रमांक असे, आणि आम्हीही विचारत नसू. कोणाचे नाव घेण्याचा हेतू नाही, म्हणून प्रसंग तेवढा सांगतो.

मार्चचा तिसरा आठवडा होता. ॲल्युमिनियमच्या १४० हाऊसिंगचा लॉट तयार होऊन टेबलावर रांगेत मांडलेला, प्रत्येकावर कापडाची पिशवी, प्रत्येकासोबत कामाचे टप्पे नोंदवणारे रूट कार्ड. बाहेरून येणारे तपासनीस वर्षअखेरच्या गर्दीमुळे तीन आठवडे उशिरा पोहोचले होते. त्यांनी भागाला हातही न लावता आधी माझ्या हातातील बोअर गेज (छिद्राचा व्यास मोजण्याचे उपकरण) मागितला, तो उलटा करून खालचे स्टिकर वाचले आणि तो तसाच टेबलावर ठेवला. कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरण अचूक मोजते याच्या पडताळणीची, मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली होती. मालकांनी फोन लावले, वरच्या पुरवठादाराचा माणूस संध्याकाळी येऊन बसला, ३१ मार्चच्या आत माल न निघाल्यास बिल पुढच्या वर्षात जाईल असे तीन वेळा सांगून झाले. तपासनीस चहा प्यायले आणि निघून गेले. गेज कॅलिब्रेट होऊन आला, सर्व १४० भाग पुन्हा मोजले, आणि ९ भागांचा बोअर काही मायक्रॉननी मोठा निघाला. एकूण पाच आठवडे गेले.

वरच्या कोष्टकात ते पाच आठवडे ‘पुरवठादारामुळे विलंब’ या रकान्यात गेले असणार. माझ्या मते मात्र त्या अख्ख्या वर्षातील तेच सर्वांत उपयोगी पाच आठवडे होते. तपासनीस येण्याआधीचे तीन आठवडे निव्वळ वाया गेले होते, आणि त्यांची नोंद कोठेही झाली नसावी. तेव्हा विलंब मोजणाऱ्यांनी कृपया हे दोन उशीर एका तराजूत घालू नयेत. नाहीतर पुढच्या वर्षी तारीख पाळण्याच्या दडपणाखाली कोणीतरी स्टिकर वाचणेच सोडून देईल.

हिशेबनीस (धागाकर्ता)

भोसरी_क्यूसी यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ मांडणीत सगळा उशीर एकाच खात्यावर टाकलेला होता, ती चूक मान्य करतो.

निवृत्त_वायुसैनिक

तैनातीच्या विलंबाविषयी दोन शब्द. लोकांना वाटते की क्षेपणास्त्र आले की ते गाडीवर चढवायचे आणि झाले. वास्तविक घन इंधनाचे आयुष्य ते ओतल्या दिवसापासून मोजले जाते, तुम्ही ते कधी ताब्यात घेतले त्या दिवसापासून नव्हे. तापमान आणि आर्द्रता ठरावीक मर्यादेत ठेवणारे कोठार, तपासणीची कार्यशाळा, रडारच्या वाहनांसाठी पक्के तळ, वीजपुरवठा हे सारे उभे नसेल, तर शस्त्र दुसऱ्याच कोणत्यातरी तळावर पाहुणे म्हणून राहते आणि त्याचे वय वाढत जाते. पूर्वेकडील पावसाळ्यात मी नोकरी केली आहे. तेथे कपाटातील बुटांवर आठ दिवसांत बुरशी चढते. जेथे वातानुकूलन चोवीस तास चालेल याची हमी नाही, तेथे इलेक्ट्रॉनिक्स ठेवायला मन धजत नाही.

अशा कामांत जमीन एका खात्याची, नकाशा दुसऱ्याचा आणि कंत्राट तिसऱ्याचे असते. शस्त्राचा करार दिल्लीत होतो आणि कोठाराची निविदा दूरच्या एखाद्या विभागीय कार्यालयात फिरत राहते. दोन्ही कामे एकाच तारखेला पूर्ण व्हायला हवीत असे दोहोंपैकी एकाही कागदावर लिहिलेले नसते. धागाकर्त्यांनी जिला फट म्हटले, तिला आमच्या मेसमध्ये निराळे नाव होते. येथे ते लिहिणे बरे दिसणार नाही.

सीमेवरचा_मराठा

क्षमा असावी, पण मला या चर्चेचा सूर खटकतो. कोणत्या सीमेवर, किती ठिकाणी, किती क्षेपणास्त्रे निकामी निघाली हे संसदेच्या पटलावर ठेवणे म्हणजे शत्रूच्या हाती आयती यादी देणे नव्हे काय? आपण ज्या काळाबद्दल बोलत आहोत त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात डोकलाममध्ये चीनशी आपले सैन्य समोरासमोर उभे होते. शिवाय निकाल काय लागला ते पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील सूर्यलंका येथे हवाई दलाने सुमारे दहा ‘आकाश’ डागली आणि बहुतेकांनी लक्ष्याचा थेट वेध घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये तेथेच एका तुकडीने एकाच वेळी चार लक्ष्ये पाडून दाखवली. मार्च २०२३ मध्ये भूदलाच्या आणखी दोन रेजिमेंटांसाठी ८,१६० कोटी रुपयांचा करार झाला. आर्मेनियाने हीच प्रणाली विकत घेतली. जगाने स्वीकारलेल्या शस्त्राच्या बाळपणीच्या पडण्याझडण्याचा हिशेब आता कशासाठी?

पाषाण_रोड

सीमेवरचा_मराठा यांनी दिलेली सगळी उदाहरणे खरी आहेत, आणि ती २०१४ च्या चाचण्यांनंतरची आहेत. सूर्यलंकेला बहुतेक क्षेपणास्त्रे लक्ष्यावर गेली याचा अर्थ मधल्या सहा वर्षांत कोणीतरी त्या नॉझलवर, फ्यूजवर आणि सर्व्होवर खपले असणार. त्या माणसांना आधी ‘सहा फसली’ हे कोणीतरी लिहून द्यावेच लागले असेल.

एक उलटे उदाहरणही द्यावेसे वाटते. ‘नाग’ हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र १९८३ च्याच कार्यक्रमातील. उष्णतेच्या प्रतिमेवरून लक्ष्य ओळखणारा त्याचा सीकर राजस्थानच्या उन्हाळ्यात अडखळत असे, कारण भर दुपारी तापलेली वाळू आणि तापलेला रणगाडा यांत त्याला फारसा फरकच दिसत नसे. भूदलाने ही अट सोडली नाही, त्यावरून दलाला बरीच दूषणेही खावी लागली, आणि अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये पोखरणला अंतिम चाचणी झाली. मधल्या काळात दलाला बालाकोटनंतर इस्रायलची ‘स्पाइक’ क्षेपणास्त्रे तातडीच्या खरेदीत घ्यावी लागली. उशिराची किंमत अशी परकीय चलनात मोजावी लागते हे खरेच आहे. परंतु वाळवंटात दुपारी न चालणारे क्षेपणास्त्र वेळेवर ताब्यात घेतले असते, तर त्याची किंमत कशात मोजली असती?

नगरकर_७२

थोडे विषयाला धरूनच. आमच्या नगरच्या के. के. रेंजवर सप्टेंबर २०२० मध्ये ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेसरवर चालणारे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र यशस्वीपणे डागले गेले. पुण्याच्या दोन प्रयोगशाळांचा त्यात मोठा वाटा होता. वर्तमानपत्रात पान भरून बातमी आली. त्यानंतर त्याची मागणी किती, उत्पादन कोठे, रणगाड्यांवर ते कधी चढणार, याचा मागोवा घेणारी बातमी मी अजून शोधत आहे. आसपासच्या गावांतील लोकांना रेंजच्या सरावाच्या तारखा मात्र नियमित कळतात, कारण त्या दिवशी गुरे तिकडे सोडायची नसतात.

हिशेबनीस (धागाकर्ता)

सीमेवरचा_मराठा यांच्या आक्षेपाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण तो केवळ त्यांचा नाही.

गोपनीयता हवी हे मला मान्यच आहे. २०१७ च्या अहवालातही क्षेपणास्त्राचे नाव आणि ठिकाणे झाकलेली होती. प्रश्न असा की झाकण किती मोठे असावे आणि ते कोणी घालावे. फेब्रुवारी २०१९ मधील राफेलविषयक अहवालात संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहावरून किमतींचे आकडे वगळण्यात आले. त्याच सुमारास संरक्षण दलांविषयीचे लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर ठेवणेच थांबले. हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे असे तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी २०२० मध्ये सांगितले होते. अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार राष्ट्रपतींकडे आणि तेथून संसदेत जातो, खासदारांना त्याची प्रत मिळते. पण शत्रूच्या हेरखात्याला संसदेतील छापील प्रत मिळवणे अवघड आहे आणि भोसरीच्या क्यूसी निरीक्षकाला ती सहज मिळेल, असे काही मला वाटत नाही. झाकण शत्रूपेक्षा आपल्याच माणसांवर अधिक घट्ट बसते.

आता संसदेकडे वळू. लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. ही रचना उत्तमच आहे. परंतु सर्व मंत्रालयांविषयीच्या शेकडो लेखापरीक्षण परिच्छेदांतून समिती वर्षाकाठी मोजकेच विषय सखोल तपासणीला घेते. उरलेल्यांवर मंत्रालयाने चार महिन्यांत ‘केलेल्या कार्यवाहीची टिपणी’ पाठवायची असते. पुढील अहवालांत अशा थकलेल्या टिपण्यांची यादी येते, आणि ती यादी वाचणारा माणूस विरळा. संरक्षणविषयक स्थायी समितीचेही एक उदाहरण आहे. मार्च २०१८ मध्ये भूदलाच्या उपप्रमुखांनी तिच्यापुढे सांगितले की दलाची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातील आहे. ते समितीच्या अहवालात छापले गेले, भरपूर गाजले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये समितीचे अध्यक्ष, स्वतः निवृत्त मेजर जनरल असलेले भुवनचंद्र खंडुरी, बदलले गेले. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्यास माझ्याकडे पुरावा नाही. त्यांचा क्रम तेवढा नोंदवतो.

राहता राहिला विलंबदंड. सरकारी मंत्रालयाने सरकारी कंपनीकडून दंड वसूल करणे म्हणजे पैसे या खिशातून त्या खिशात टाकणे आहे. वचक बसावा तरी कसा?

संख्यावेडी

एक दुरुस्ती. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि क्षेपणास्त्रे बनवणारी भारत डायनॅमिक्स या दोन्ही कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. बहुतांश हिस्सा सरकारचा असला तरी उरलेला तुमच्याआमच्यासारख्यांचा आहे, म्हणजे दंड निव्वळ खिसेबदल नव्हे. उलट नोंदणीकृत कंपनीला तिमाही निकालांत विक्री जाहीर करावी लागते. संसदेपेक्षा गुंतवणूकदारांना उत्पादनाचा वेग लवकर कळतो, हे विचित्र असले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. फसलेल्या चाचण्या मात्र तेथेही कळत नाहीत.

निवृत्त_वायुसैनिक

दंडापेक्षा मला एक साधा उपाय अधिक पटतो. शस्त्राच्या करारातील शेवटचा मोठा हप्ता ‘माल पोहोचला’ या टप्प्याशी न बांधता ‘नेमलेल्या ठिकाणी बसून दलाने स्वतः डागून पाहिले’ या टप्प्याशी बांधावा, आणि कोठाराचे वेळापत्रक त्याच करारात परिशिष्ट म्हणून जोडावे. पैसे अडले की बांधकामाच्या फायलीची चौकशी करायला कंपनीचाच माणूस रोज दारात उभा राहील. यावर कंपनी म्हणेल की इमारत आमच्या हातात नाही, मग आमचे पैसे का अडवता. तिचे म्हणणे रास्तच असेल, आणि निदान त्या निमित्ताने इमारत कोणाच्या हातात आहे हे कागदावर येईल.

भोसरी_क्यूसी

सहमत, फक्त त्या परिशिष्टात तपासनीसांच्या येण्याच्या तारखाही घाला. आमच्याकडे माल कधी तयार झाला, तपासणीची मागणी कधी पाठवली आणि शिक्का कधी बसला, या तिन्ही तारखा प्रत्येक रूट कार्डवर हाताने लिहिलेल्या असत. काम संपले की कार्डे गठ्ठा बांधून माळ्यावर जात आणि काही वर्षांनी रद्दीत. फट नेमकी कोठे आहे ते त्या कार्डांवर दिवसांच्या हिशेबात लिहिलेले होते. वर मागितली जायची ती फक्त डिस्पॅचची तारीख.

सीमेवरचा_मराठा

संकेतस्थळावर काय ठेवावे याबाबत माझे मत बदललेले नाही. कार्डांचे मात्र पटले. ती कार्डे शत्रूला दाखवायची नाहीत, पण निदान मंत्रालयाने तरी मागवून घ्यायला काय हरकत होती?